नंबर नसताना

सुवॉन शहरातल्या त्या तयार सूपच्या कंपनीत दुपार झाली की अख्खी टीम मिळून जेवायला उठायची. त्या दिवशीही उठली. फक्त हे-वॉनला कुणी चल म्हटलं नाही.

तिला दिवस गेले होते, आणि यंदा नंबर तिचा नव्हता.

हो, नंबर. कंपनी भराभर वाढत होती, माणसं मात्र वाढवायची नव्हती. म्हणून टीममधल्या बायकांनी एकीनंतर एकीनं गरोदर राहायचं. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ. यंदाचा नंबर ग्योंग-आ ताईचा. ताईचे उपचार चालू होते. हे-वॉनशी मनातलं बोलणारी तेवढी एकच, आता तीही नजर चुकवायची.

टीमचे प्रमुख ओ साहेब. त्यांनी तोडगा काढला. सोमवारी सगळ्यांसमोर वाकून ताईची माफी मागायची, विषय संपला. नवराही म्हणाला, वाकून टाक, कंबर मोडत नाही. नोकरी जायला नको.

सोमवारी ती उभी राहिली. वाक्य पाठ होतं.

"नाही जमत, साहेब. पोटातल्या पोराची ओळख माफी मागून करून द्यायची का?"

साहेब हसले. "अगं, आपण एका घरातली माणसं. घरात रांग पाळावी लागते. दोघी एकदम गेल्यात तर सूप मी ढवळू?"

"रांग तुम्ही लावलीत, तुम्हीच मोडा. मी रजा घेणार. ताईला दिवस राहिले तर तीही घेईल."

मागून कुणीतरी पुटपुटलं, आली मोठी शहाणी.

दुपारी सगळे निघून गेले. हे-वॉन एकटीच गार भाताचे घास गिळत बसली. तेवढ्यात ग्योंग-आ ताई परत आली, दाराशीच थांबली.

"नंबर तुझा होता ताई, मला कळतं गं."

"मागे एकदा नव्हता," ताई म्हणाली. "तेव्हा मला राहिले होते. कुणाला बोलले नाही. डॉक्टरकडे जाऊन मोकळी झाले, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. साहेब म्हणाले, ग्योंग-आसारखं शिस्तीत राहावं." तिनं मागचं दार लोटलं. "आता राहतच नाहीत."

हे-वॉननं शेजारची खुर्ची ओढली. ताई बसली नाही.

"ती नवीन मुलगी आलीय ना, तिला नंबराचं समजावून सांगायला साहेबांनी मला सांगितलंय," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."