काम अडलंय कुठे?

उत्पादन व्यवस्थापनाचे प्राध्यापक फळ्यावर असा सुरेख कारखाना काढत, की बघणाऱ्याला तिथेच आडवं व्हावंसं वाटे. मुलं होतही. मागच्या बाकावरच्या एकाचं तर नावच 'डुलकी' पडलं होतं. शेवटी विभागप्रमुख मॅडमनी सांगून टाकलं, "शुक्रवारी तासाला येऊन बसते. वर्ग जागा दिसला नाही, तर पुढच्या सत्रापासून तुमचा विषय बंद."

घरी जेवताना प्राध्यापकांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मुलांच्या हातून कधी काही बनवून घेतलंय का?" बायको म्हणाली. "तुमचे ते बाण आणि चौकोन बघून मलासुद्धा जांभई येते."

शुक्रवारी बाकं ओळीने लागली. पुठ्ठ्याचे खोके बनवायचे होते. कुणी कापायला बसलं, कुणी घड्या घालायला, कुणी चिकटवायला. शेवटी फीत बांधायला खुद्द मॅडम. तपासणी मात्र प्राध्यापकांनी कुणाला दिली नाही. पट्टी घेऊन ते एकेक कोपरा मापू लागले.

बघता बघता त्यांच्यापुढे खोक्यांचा डोंगर झाला. पलीकडे रिकाम्या बसलेल्या मॅडमची मान हळूहळू छातीवर आली. मुलं तोंड दाबून खिदळू लागली.

"अरे, हसताय काय? काम कुठे अडलंय ते शोधा!"

डुलकी उठून उभा राहिला. "सापडलं, सर. सांगू का पण?"

"सांग की!"

"तुमच्यापाशी."

प्राध्यापकांचा पारा चढला. "मी दर्जा बघतोय!"

"चिकटवणाऱ्यानेच बघितलं तर? वाकडं झालं तर तिथल्या तिथे नीट करेल. तुम्ही... जरा उठता का?"

आयुष्यभर त्यांनी हेच तर शिकवलं होतं; फक्त फळ्यावरच्या कारखान्यात ते स्वतः कधी बसले नव्हते. पट्टी खिशात घालून ते उठले.

आणि खोके जे सुटले! भराभर मॅडमच्या पुढ्यात येऊन आदळू लागले. त्या दचकून जाग्या झाल्या. बोटं फितीत गुंतली, एक खोका मांडीवर आला, बाकीचे जमिनीवर.

"आता कुठे अडलंय?" प्राध्यापकांनी विचारलं.

सगळ्या वर्गाने मॅडमकडे बोट दाखवलं. डुलकीने तर दोन्ही हातांनी.

मॅडमनी आधी डोळे वटारले, मग त्यांनाच हसू फुटलं. "चालू राहू दे बाई तुमचा विषय! पण आधी गाठी मारायला कुणीतरी द्या मला."

संध्याकाळी प्राध्यापक थेट स्वयंपाकघरात शिरले. "अगं, मुलांनी मला जागेवरून उठवलं!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"मग आता ओट्यापुढूनही सरका," बायको म्हणाली. "केव्हाची भांडी घेऊन उभी आहे मी."