सात तारखा

मी फळा बोलतोय. शाळेतला काळा नव्हे. तो माझा थोरला चुलता समजा. मी पांढरा, गुळगुळीत, एका संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर भिंतीला चार स्क्रूंनी जखडलेला. फळ्याला कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या खोलीत जे जे राहिले ते सगळे घाबरलेलेच होते. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला म्हणतात, तसं झालं माझं.

जन्म माझा पत्र्याचा. त्यावर पांढरा लेप चढवला आणि भट्टीत भाजून काढलं. तिथून बाहेर आलो तेव्हा वाटलं, आता जगात भिण्यासारखं काही उरलं नाही. किती भोळा होतो मी! सुरुवातीला मला सभेच्या मोठ्या खोलीत लावलं होतं. मग तिथे प्रोजेक्टर आला आणि माझी रवानगी या लहान खोलीत झाली.

तीन टेबलं आणि एक न उघडणारी खिडकी. इथे पोस्टडॉक बसतात, म्हणजे डॉक्टरेट पदरात पडलेली, पण कायमची नोकरी न मिळालेली माणसं. करार दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी काम करायचं, दुसऱ्या वर्षी पुढच्या जागेसाठी अर्ज करायचे, आणि मग गाशा गुंडाळून दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या देशात जायचं. अर्जांच्या दिवसांत माझ्या डाव्या कडेला संस्थांच्या नावांची यादी लागते. एकेक नकार आला की एकेक ओळ कापली जाते. एका गृहस्थांनी अशा एकवीस ओळी कापल्या. बाविसावी कापायला ते आलेच नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी कोपऱ्यात ‘पुसू नका’ असं लिहिलं होतं. पुढे तीन वर्षं ते कोणी पुसलं नाही. बाकीचं मात्र सगळं पुसलं.

मग माई आली.

माई हे तिचं नाव नव्हे. खोलीत कोणी शिंकलं तरी आल्याची वडी पुढे करायची, म्हणून तिला हे नाव पडलं. हा तिचा तिसरा करार होता. नवरा दुसऱ्या गावी शाळेत मास्तर, सहा वर्षांची मुलगी त्याच्याजवळ आणि सासूबाईंजवळ. जेवणाच्या सुट्टीत त्या घरचा फोन यायचा. लेक रोज एकच विचारायची, तुझं तिथलं काम कधी संपणार. माई सांगायची, संपलं की सांगते हं. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ माझ्याकडे तोंड करून उभी राहायची. माझ्यावर काही लिहिलेलं नसायचं तरीही.

तिच्या शेजारच्या टेबलावर लांबू, तिसरं टेबल रिकामं. दारातून येताना त्याला मान वाकवावी लागे. त्याची बायको पोटुशी होती आणि त्याचाही करार माईच्याच महिन्यात संपणार होता. दोघांनी मिळून एक ग्रह शोधला होता. एका दूरच्या ताऱ्याचा उजेड दर अकरा दिवसांनी किंचित कमी व्हायचा. म्हणजे त्याच्यापुढून काहीतरी जात असणार. सात वेळा तो उजेड घटलेला सापडला. शोधनिबंध छापून आला, पेपरात बातमी आली. माईच्या नवऱ्याने ते कात्रण चौकटीत बसवून घरी लावलं. आता दोघांनीही एकाच मोठ्या फेलोशिपसाठी अर्ज केला होता. पाच वर्षांची ती, आणि पुढे कायम होण्याची शक्यता. दोघांच्याही अर्जात पहिली ओळ त्या ग्रहाची होती.

मुलाखतीला नऊ दिवस उरले असताना दुर्बिणीवरचे जुने मिस्त्री, तात्या, खोलीत आले. ते निवृत्त होत होते आणि कपाट रिकामं करत होते. त्यांच्या हातात तेलाचे डाग पडलेली एक वही होती. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला गार ठेवणारी नायट्रोजनची टाकी त्यांनी कोणकोणत्या तारखेला भरली, याची ती नोंद.

“माई, ही तूच ठेव,” ते म्हणाले. “माझ्याने फेकवत नाही, आणि घरी नेली तर आमच्या हिला रद्दी वाटेल.”

तात्या गेल्यावर माईने गंमत म्हणून वही चाळली. मग ती सावकाश उठली. माझ्यावर डावीकडे तिने ग्रहाच्या सात तारखा लिहिल्या. उजवीकडे वहीतून टाकी भरल्याच्या तारखा लिहायला लागली. पहिली जुळली. दुसरी जुळली. चौथीला तिच्या हातातला मार्कर थांबला, पुन्हा चालू झाला. सातवी तर तिने वहीत न बघताच लिहिली, आणि मग बघितलं. तीही जुळली.

आकाशात ग्रह नव्हताच. टाकी भरली की कॅमेऱ्याचा एक कोपरा जरा जास्त गार होत होता, आणि त्या कोपऱ्यात पडणारा तारा तेवढ्यापुरता मंद दिसत होता.

जिन्यावर पावलं वाजली. माईने फडकं शोधलं नाही, हातानेच मला पुसलं. तिचा तळवा बर्फासारखा होता. पण हाताने शाई नीट जात नाही. लांबू आला तेव्हा दोन्ही रांगा माझ्या अंगावर फिकट दिसतच होत्या. तो माझ्यासमोर उभा राहिला, कडेने वाकून बघितलं, टेबलावरची उघडी वही पाहिली, आणि जागेवर जाऊन बसला.

तीन दिवस दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत. आल्याची वडीही कोणी कोणाला दिली नाही. कोणी दार वाजवलं की दोघांच्या माना आधी माझ्याकडे वळायच्या. मी भिंतीवर चोरीचा माल अंगावर घेऊन उभा असल्यासारखा. सफाईवाल्या मावशी आल्या तरी वाटायचं, आता पकडलो गेलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी लांबूने दार लावलं.

“ती वही तात्यांनी कपाटातच ठेवली असती तर?” तो हळू आवाजात म्हणाला.

“पण ठेवली नाही.”

“मी लपवायचं म्हणत नाही. मुलाखत होऊ दे, मग सांगू. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे, माई. सहा दिवसांत त्या ताऱ्याचं काय बिघडणार आहे?”

लांबूने कपाटातून स्पिरिटची बाटली काढली आणि मला कडेपासून कडेपर्यंत लख्ख पुसलं. तो दुष्ट नव्हता. पुसताना त्याच्याकडून दोनदा बाटली लवंडली. माई बघत राहिली. तिने त्याला थांबवलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या दिवसासारखा स्वच्छ मी भट्टीतून निघालो तेव्हाही नव्हतो, आणि त्या दिवसाइतका भ्यालोही नव्हतो कधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई एकटीच लवकर आली आणि मुलाखतीतल्या भाषणाची तालीम करू लागली. तारा काढला, त्याच्याभोवती कक्षा काढली. “आम्ही शोधलेला हा...” इथपर्यंत आली आणि थांबली. पाणी प्यायली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी तिने मार्कर खाली ठेवला, खणातून तात्यांची वही काढली आणि सातच्या सात तारखा दोन रांगांत लिहून काढल्या. पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. मग तिने फोन करून सरांना बोलावलं.

सर म्हणजे त्यांच्या गटाचे प्रमुख. चहाचा कप घेऊनच आले. डावी रांग वाचली, उजवी वाचली. कप ठेवायला जागा शोधू लागले.

“पुन्हा तपासलंस?”

“चार वेळा.”

सर लांबूच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, आता ओरडतील.

“तीस वर्षं झाली या कामात,” ते म्हणाले, “आणि या क्षणी मला उठून ते दार लावून घ्यावंसं वाटतंय.”

“आम्ही लावलं होतं सर. काल.”

लांबू आला आणि त्या दोघांना बघून दारातच थबकला. मग खाली मान घालून आत आला. त्याच सकाळी तिघांनी बसून निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. सही करायला लांबूचा नंबर शेवटचा होता. त्याने पत्र दोनदा वाचलं, बायकोला फोन लावला, घंटी वाजायच्या आत बंद केला, आणि सही केली.

मुलाखत दूरच्या शहरात झाली, एकेकाची वेगळी. परत आल्यावर माईने लांबूला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. टेबलापलीकडे पाच जण होते. कोणी काही विचारायच्या आत हिने सांगून टाकलं की अर्जातली पहिली ओळ आता खरी नाही. एकाने घड्याळ बघितलं. कडेच्या खुर्चीतल्या एका वयस्क बाईंनी मात्र चूक कशी सापडली ते विचारलं, आणि उरलेला सगळा वेळ तात्यांच्या वहीवरच गेला. लांबूने विचारलं, तुला भीती नाही वाटली का. ती म्हणाली, वाटली, म्हणून तर आधीच सांगून टाकलं.

फेलोशिप दोघांनाही मिळाली नाही. लांबू हवामान खात्यात गेला. मुलगी झाली त्याला. जाताना दारात मान वाकवायला विसरला आणि कपाळाला टेंगूळ घेऊन गेला.

माईच्या कराराचा शेवटचा आठवडा चालू होता. टेबल आवरून झालं होतं, पुढची जागा कुठेच नव्हती. तेव्हा त्या वयस्क बाईंचं पत्र आलं. त्यांच्या वेधशाळेत कॅमेऱ्यांच्या खोट्या खुणा शोधून काढणारं माणूस हवं होतं. करार पुन्हा दोनच वर्षांचा. माईने फोनवर नवऱ्याला ते वाचून दाखवलं. मी कान देऊन ऐकत होतो. मग त्याने एवढंच विचारलं, “तिथे जवळ शाळा आहे का? एक मास्तर आणि एक विद्यार्थिनी आहे आमच्याकडे.”

माई हसली आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडली.

आता तिच्या टेबलावर एक नवी बाई आली आहे. तीन आठवडे झाले. ती रोज माझ्यासमोर उभी राहते, मार्करचं टोपण काढते, मागे दाराकडे बघते आणि टोपण लावून टाकते. कोणी आत येईल, चूक दिसेल, शिफारसपत्रात काहीतरी कमी लिहिलं जाईल, असंच येत असणार तिच्या मनात. मी ओळखतो तो चेहरा. एकवीस ओळींच्या गृहस्थांपासून ओळखतो. मलाही धास्ती वाटते, कारण तिच्या हातून उद्या काय उमटेल हे मलाही ठाऊक नाही.

आत्ता ती पुन्हा उभी आहे. बाई गं, तुझ्याइतकाच मीही घाबरलोय. पण टोपण काढलंच आहेस, तर एखादा आकडा तरी लिही. शाई वाळतेय.