सात नंबरच्या लाइनचे शेवटचे सहा किलोमीटर

या सगळ्यातून मोतीलाल बैसाणे यांच्या पदरात पडणार होती एक ओळ. अहवालाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात: ‘लाइन क्र. ७, मूळ सर्वेक्षण : मोतीलाल पुना बैसाणे.’ त्यांच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या पदरात पडणार होतं ते कितीतरी वजनदार होतं. सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काढल्यानंतर कायमची जागा. तरीही धुळ्याला देवपुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत नोकरीचा विषय आठवड्यातून एकदा निघायचा आणि ओळीचा रोज.

“पूर्ण नाव लिहिशील ना? नुसतं एम. पी. नको.”

“पूर्ण लिहिते, पप्पा. फोटोपण लावू का?”

“लागत असेल तर आहे माझ्याकडे. कोट घातलेला.”

ही भूक जुनी होती. खान्देशात काळ्या खडकाखाली तेल-वायू आहे का, हे पाहायला ऐंशीच्या दशकात सर्वेक्षणाच्या पार्ट्या यायच्या. सरळ रेषेत खुंट्या ठोकायच्या, खुंटीपाशी भोक पाडून सुरुंगाची दारू उडवायची आणि जमिनीच्या पोटातून येणारा प्रतिध्वनी यंत्रावर टिपायचा. खुंट्यांची रेषा आखणारा माणूस म्हणजे मोतीलाल. एकोणीस हंगाम त्यांनी हे काम केलं. हिवाळ्यात पार्टी यायची तेव्हा त्यांना कामावर घ्यायची, पावसाळ्याआधी सोडून द्यायची. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, मोतीलाल हंगामीच राहिले. सासुरवाडीच्या माणसांनी तर जन्मभर त्यांची ओळख ‘आमचे खुंट्यावाले पाहुणे’ अशीच करून दिली. आणि हे पाहुणे रागावले तरी जेवायला थांबत, म्हणून चेष्टा दर खेपेला वाढत गेली.

पोरगी भूशास्त्र शिकली ती कुणाच्या नादानं, हे वेगळं सांगायला नको. कुठल्याशा कंपनीनं त्या जुन्या रेषांचे कागद पुन्हा बाहेर काढले, जळगावला दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं आणि प्रज्ञाला काम दिलं: काळ्या खडकाखालच्या थरांना ज्या एकोणीस वळ्या पडल्या आहेत त्यांची वर्गवारी लाव. तेल धरू शकेल अशी एक जरी निघाली तरी पुढचा टप्पा मंजूर होणार होता आणि पुढच्या टप्प्याबरोबर प्रज्ञाची जागाही.

एका रविवारी तिनं तो लांबलचक कागद बापाच्या खाटेवर पसरला. मोतीलालनी आयुष्यभर रेषा आखल्या, पण त्या रेषांमधून काय दिसतं हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. साहेब लोक कागद गुंडाळून घेऊन जायचे.

“हे बघा, थर असे वर उचललेत. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके, ते वर वर चढतात आणि उंचवट्यात अडकतात. पण उंचवटा कसला, ते महत्त्वाचं.” तिनं स्वयंपाकघरातून परात आणली आणि उपडी ठेवली. “ही चारी बाजूंनी बंद. आत शिरलेला वायू बाहेर जाऊ शकत नाही. हा झाला घुमट, वर्ग एक.”

“आणि बाकीच्या?”

“पाच वळ्या भेगांनी फुटल्यात, त्या बाद. तेरा नाकासारख्या आहेत. म्हणजे नळीचं कौल उपडं करून तिरकं ठेवलं, तर तीन बाजूंनी बंद, पण वरच्या तोंडातून सगळं निघून जाणार. आम्ही नाकच म्हणतो त्याला. वर्ग दोन.”

“तेरा नाकं!” मोतीलाल हसले. “तुझ्या मामाकडची मंडळीच बसली म्हणायची खाली.”

“आणि एकोणिसावी ही. दोंडाईच्याजवळची.” तिनं बोट टेकवलं. “पूर्वेला उतरते, पश्चिमेला उतरते, दक्षिणेला उतरते. प्रश्न होता उत्तरेचा. उत्तरेकडे फक्त एकच रेषा जाते, तुमची सात नंबरची. तिच्या शेवटच्या सहा किलोमीटरला थर खाली उतरलेत. म्हणजे बंद! पप्पा, एकोणिसांत एक, आणि ती तुमच्या सहा किलोमीटरनं बंद केली.”

मोतीलाल कागदाकडे बघत राहिले. चहा बशीत ओतलेला होता, तो तसाच राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. चष्मा बदलायला झाला.”

चष्मा ठीक होता. गोष्ट अशी होती, की ते सहा किलोमीटर उत्तरेला गेलेच नव्हते.

अठ्ठ्याऐंशीचा हिवाळा. सात नंबरची लाइन सरळ उत्तरेला निघालेली आणि मध्ये आली मिरचीची पथारी. दहा-बारा एकरांवर लाल मिरची वाळत पडलेली, मध्ये बाया बसून देठं खुडत होत्या. मिरची उचलायला तीन दिवस लागणार. रेषा वळवायची तर जळगावच्या कॅम्पवरून साहेबाची सही आणायची, त्यालाही तीन दिवस. साहेबाला रोजचे किलोमीटर हवे होते. मोतीलाल हातात खुंटी घेऊन पथारीच्या कडेला उभे, आणि बायांमधली एक तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाली, “सायेब, तुम्हनं तेल आम्हनी मिरचीखालेच दडेल शे का?”

सगळ्या बाया हसल्या. मोतीलालनी खुंटी खांद्यावर टाकली. त्यांनी पार्टी वळवली आणि पूर्वेच्या गाडीवाटेला लावली. पलीकडे गेल्यावर परत रेषेवर यायचं ठरलं होतं, पण पलीकडे भिजवलेला गहू होता आणि त्याच्या पुढे नाल्याची दरड. गाडीवाट पूर्वेला ओढत नेत होती आणि दारू भरणाऱ्यांचा ट्रक मागून भोंगा वाजवत होता. दोन दिवसांत सहा किलोमीटर झाले. वहीत त्यांनी खुंट्यांचे आकडे सरळ उत्तरेचे लिहिले, खाली सही केली.

फडकं ओढणारी ती कलाबाई. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, तीन वर्षांनी प्रज्ञा. आई मिरचीच्या पथारीवर कशी भेटली ही गोष्ट प्रज्ञाला पाठ होती. मोतीलाल ती रंगवून सांगत, आणि प्रत्येक वेळी गाडीवाट तेवढी गाळत. वहीतल्या आकड्यांसकट खरं पूर्ण माहीत असणारी मोतीलालखेरीज दोन माणसं होती. कलाबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि दुसरा वना, त्या पार्टीत भोकं पाडणारा, तो दोंडाईच्यालाच असतो.

मोतीलाल बुधवारी वनाकडे गेले. वनानं सगळं ऐकलं आणि तंबाखू मळायची थांबवली नाही.

“तू काबर बोलस भाऊ? बठ्ठा कागद जुना शेतस, कोन दखस? खाले तेल शे का नही, ते खड्डा खंदावर समजी. तवपावत तुन्ही आंडेर परमनंट व्हई जाई.”

“आनि नही निंघनं तं?”

“तं नही निंघनं! कितलाक खड्डा कोरडा जातस. कोनी खुंट्या मोजाले येत नही.”

सल्ला सोयीचा होता, म्हणून मोतीलालना तो शहाणपणाचा वाटला. त्या रविवारपासून सादरीकरणाला अकरा दिवस होते. या अकरा दिवसांत मुलीला एक वाक्य सांगितलं असतं तर काम पेन्सिलीचं होतं. नकाशावर एक रेषा खोडायची, वर्ग एकच्या जागी दोन लिहायचं, कुणाला कळायचंही नाही. कायमची जागा लगेच मिळाली नसती, पण पोरगी हुशार म्हणून लीलाधर सरांनी, म्हणजे तिच्या प्रकल्पप्रमुखांनी, तिला दुसऱ्या भागाच्या कामावर नेलंच असतं. ते तसं बोललेही होते. आणि मोतीलालची ओळ गेली असती.

पहिल्या दिवशी प्रज्ञाचं डोकं दुखत होतं म्हणून ते बोलले नाहीत. मग पाहुणे होते. मग ती जळगावला मुक्कामी. एकदा तर तोंड उघडलं आणि “उद्या दळण आणायचंय,” एवढंच म्हणाले. दहाव्या दिवशी त्यांनी शर्टाला इस्त्री करून आणली.

जळगावच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. प्रज्ञा चांगली बोलली. बापाला भाषण पूर्ण समजलं नाही, पण पडद्यावर आपली रेषा आलेली ओळखली. शेवटी ती म्हणाली, “या रेषेचं सर्वेक्षण ज्यांनी केलं ते इथं बसले आहेत. माझे वडील.” टाळ्या वाजल्या. लीलाधर सर उठून आले आणि हात हातात घेऊन म्हणाले, “नाना, तुमच्या पिढीनं उन्हातान्हात कामं केली म्हणून आम्ही एसीत बसून नकाशे काढतो.” मोतीलालनी दोन्ही हात जोडले. ते हात खाली यायला जरा वेळच लागला.

परतीच्या एसटीत पारोळा गेल्यावर ते बोलले. सगळं सांगितलं, मिरचीपासून सहीपर्यंत.

“किती?” प्रज्ञानं विचारलं.

“काय किती?”

“शेवटच्या खुंटीला किती पूर्वेला होतात?”

“पाच किलोमीटर. थोडं जास्तच.”

ती खिडकीबाहेर बघत मनात आकडे मांडत राहिली. “म्हणजे तो पूर्वेचाच उतार दिसतोय. तो तर मला आधीच माहीत होता. उत्तरेचं कुणी पाहिलेलंच नाही.” थोड्या वेळानं म्हणाली, “आणि आजूबाजूच्या सगळ्या वळ्या उत्तरेला उघड्या आहेत. हीपण नाकच असणार.”

“मोजून बघता येईल ना परत?”

“खर्च कोण करणार, पप्पा?” मग तिनं मान वळवली. “तुम्हाला हे कधी लक्षात आलं? आज?”

“त्या रविवारी.”

“अकरा दिवस.”

“मला वाटलं, एकदा कानांनी ऐकून घेतो. मग सांगतो.”

शेजारच्या बाईनं पेरू पुढे केला तर प्रज्ञानं घेतला, निम्मा बापाला दिला.

सोमवारी ती जळगावला गेली. सादर झालेला अहवाल दुरुस्त करायचा तर एक फॉर्म असतो. त्यात कारणाच्या तीन चौकटी: उपकरण, सर्वेक्षण, अर्थनिर्णय. दुसऱ्या चौकटीत खूण केली असती, तर वर्ग बदलला असता आणि तिच्यावर डाग आला नसता. फक्त खाली सर्वेक्षकाचं नाव आणि चुकीचं स्वरूप लिहावं लागलं असतं: खोटी नोंद. तिनं तिसऱ्या चौकटीत खूण केली. अर्थ लावण्यात माझी चूक झाली.

“एका रेषेवरून घुमट ठरवला तुम्ही?” लीलाधर सर म्हणाले. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. “हे पहिल्या वर्षाच्या पोरानंही करू नये, मॅडम. साठ माणसांसमोर मी मान डोलावली.” कराराचा अकरावा महिना संपला तेव्हा पुढच्या कराराचं पत्र आलं नाही.

मोतीलालना ती एवढंच म्हणाली, की दुरुस्ती झाली. मार्चमध्ये अहवालाची छापील प्रत टपालानं घरी आली. त्यांनी ती मागून उघडली. ओळ होती, पूर्ण नावानिशी. मग त्यांनी पुढची पानं चाळली आणि दुरुस्तीच्या पानावर थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते जळगावला गेले. लीलाधर सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“नाना, मला थोडा अंदाज होता. एवढी साधी चूक ती करणारी नाही.”

“मग लिहा ना साहेब. मी सही करतो. कुठं करायची ते दाखवा.”

“आता हे लिहिलं तर काय होईल, बघा. तिनं दुरुस्तीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं कारण दिलं, असं होईल. चूक करणाऱ्याला लोक परत काम देतात. खोटं लिहिणाऱ्याला नाही देत.” त्यांनी पाण्याचा ग्लास जवळ सरकवला. “तिचं भलं बघायचं तर तुम्ही इथं आलाच नव्हतात.”

मोतीलाल उठले. पेन त्यांनी घरून आणलं होतं, ते खिशाला परत लावलं.

या चुकीची किंमत कुणी किती भरली, ते आता सांगता येतं. कंपनीचा एका कोरड्या विहिरीचा खर्च वाचला, वरच्या ऑफिसातून लीलाधर सरांना काम वेळीच थांबवल्याबद्दल शाबासकीचं पत्र आलं. वनाचं काहीच गेलं नाही, तो अजून विचारतो, “तेल निंघनं का?” प्रज्ञा चाळीसगावला बोअरवेलवाल्यांना पाण्याच्या जागा दाखवते. महिन्यातून दोनदा धुळ्याला येते, बापाच्या गोळ्या मोजून डबीत भरते, दुखतंखुपतं विचारते, आणि जुन्या पार्टीच्या दिवसांचं काहीही विचारत नाही. सगळं तिनंच भरलं. मोतीलालना अजूनही आपला वाटा भरायचा आहे. घेणारं कुणी नाही.