डुग्गूची लोकर

"त्याला शनवारी बोलवा बाई, आज नको," साळूबाई म्हणाली. "आदी मला हात घालून बघू द्या."

कुत्र्याचे केस काढणाऱ्या मशीनवाल्याला फोन लावता लावता ज्योत्स्नाताई थांबल्या. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या बंगल्यावर मी वॉचमन आहे आणि साळूबाई, माझी बायको, तिथेच झाडलोट करते. कुत्र्याला हात लावायचं काम तिचं नव्हतं.

कुत्रा काळाभोर, पुली जातीचा, नाव डुग्गू. ही जात तिकडे हंगेरी देशात मेंढ्या राखते. अंगभर करंगळीएवढे पिळाचे दोर लोंबतात. बसला की तोंड कुठलं नि शेपूट कुठली, कळत नाही. चार वर्षांत त्याचे दोर जमिनीला टेकले होते. या पावसाळ्यात मात्र ताई महिनाभर मुलीकडे राहिल्या आणि मागे कुणी ते सुटे केले नाहीत. सगळे एकमेकांत गुंतले. वास येतो म्हणून ताईंनी आल्या आल्या साबणाने खसाखसा चोळून धुतलं, तर पाठीवर घोंगडीसारखा थरच बसला. आतली कातडी ओलीच राहिली. डॉक्टर म्हणाले, जखमा होतील, सगळं भादरून टाका. पुन्हा तेवढे दोर यायला चार वर्षं. ताई रडवेल्या झाल्या होत्या.

स्वयंपाकाच्या मंगलाबाई वणीच्या. त्यांचं म्हणणं, ही देवीची जट आहे, कापली तर घराला बाधेल. त्या रोज कुत्र्याला हळदकुंकू लावत होत्या. तेही थरात जाऊन बसलं होतं.

"देवीला दुसरं काम नाय का मंगलाबाई?" साळूबाई म्हणाली. "लोकर हाय ही. ओली चोळली की जमती, येवढंच."

तिचं माहेर नांदगावकडचं, मेंढरांचं. पोरवयापासून ती लोकर पिंजायची, सूत कातायची. पुढे मेंढरं गेली, आम्ही नाशिकला आलो आणि तीस वर्षं तिच्या हातात झाडू राहिला. तिला लोकरीतलं कळतं हे बंगल्यात कुणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मीही विसरलो होतो.

पडवीत फरशीवर बसून तिनं थराची कड धरली. फणी नाही, कात्री नाही. दोन्ही अंगठे घालून कातडीपर्यंत उकलत जायचं, मूळ बघून एकेक दोर वेगळा करायचा. डुग्गू आधी गुरगुरला, मग तिच्या मांडीवर मान टाकून झोपला. शुक्रवारी सकाळी तिनं त्याला कोमट पाण्यानं धुतलं. चोळलं नाही, एकेक दोर मुठीत दाबून पाणी काढलं आणि दोन टेबलफॅन लावून दिवसभर वाळवलं. तिची बोटं सुजली होती. मी म्हणालो, आता बास कर. तिनं पंखा त्याच्या दुसऱ्या कुशीकडे वळवला.

शनिवारी मशीनवाला राकेश आला. तिशीचा माणूस, शहरभरची कुत्री त्याच्या हाताखालून गेलेली. त्यानं दोर बाजूला सारत मानेपासून शेपटीपर्यंत कातडी तपासली. ताई त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या. कुठे ओल नव्हती, वास नव्हता. त्यानं मशीन पिशवीत परत ठेवलं.

"काकू, कुठं शिकलात हे?"

"शिकाया कोन गेलं व्हतं? मेंढरं व्हती."

तो थोडा घुटमळला. मग मला दाखवाल का, असं त्यानं विचारलं. साळूबाईनं त्याचा अंगठा धरून मागच्या पायाशी उरलेल्या एका बारक्या गाठीवर ठेवला. "नख नको. बोटाच्या पोटानं."

पुढच्या शनिवारी राकेश पुन्हा आला, रिकाम्या हातानं. गेटवरच्या वहीत नाव, कुणाकडे, काम असे रकाने आहेत. अक्षरं मी पन्नाशीत शिकलो, अजून सावकाश उमटतात. 'कुणाकडे' खाली मी आजवर ताईंचंच नाव लिहीत आलो होतो.

"काकूंकडे," राकेश म्हणाला.

मी पूर्ण नाव लिहिलं, साळूबाई सहादू कोळपे. पुढे काम : शिकणे.

तो आत गेला. शाई वाळेपर्यंत मी वही मिटली नाही.