व्याह्यांचं ताट

रेवाबाईने तुपाची लोटी ताटातल्या पुरणाच्या मांड्यावर कलती केली आणि ती लोटी सरळ करायचं नावच घेईना. पाहुण्याने हात आडवा धरला की थांबायचं, अशी रीत. छगनने हात आडवा धरला, पण तिने तो बाजूला सारून धार तशीच चालू ठेवली.

"हात काबर आडा करतस व्याही? तुम्हनं नाव गावेगाव शे."

नाव होतं खरं. छगन पंगतीला बसला की वाढपी आधी कंबर कसत. नंदुरबारच्या बाजारात पैजेवर त्याने परातभर जिलेबी संपवली होती, ही गोष्ट तापीच्या दोन्ही काठांवर माहीत होती. माहीत नव्हतं ते एवढंच, की गेल्या साली त्याच्या पोटातला जुना फोड फुटला, सुरतेच्या डॉक्टरांनी अर्ध्याहून अधिक जठर कापून काढलं आणि उरलेल्या पोटाबरोबर दुसऱ्याच कुणाची तरी जीभ घेऊन तो घरी आला. दुधाला आता ओल्या कातड्याचा वास येई. तूप समोर आलं की घशाशी येई. गोड तर वैरीच झालं. चार घास पोटात गेले की थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, हातपाय लटलट. मग आडवं पडण्यावाचून इलाज नसे.

हे सगळं घरातच दाबून ठेवलं होतं. पोट कापलेल्या माणसाची मुलगी म्हणजे रोगी घरची मुलगी, लोक असंच बोलले असते. दुखण्याच्या धावपळीत त्याच्या मुलीची, रंजनाची, दोन स्थळं हातची गेली होती. खांडबाऱ्याच्या एका नातलगाने हे तिसरं आणलं. घर चांगलं, मुलगा शांत. आज जेवणं झाल्यावर दोन्ही बापांनी एकाच ढेपेचा गूळ खायचा, की सोयरीक पक्की. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं छगनचा थोरला भाऊ धुडकू बैलगाडीत बसल्यापासून बजावत आला होता.

"एकच मांडा? आम्हना घरनं गोड लागत नही का?" रेवाबाईचा नवरा, मुलाचा बाप सुकलाल हसत म्हणाला.

"लागस ना. मी खास धीरे धीरे," छगन म्हणाला.

धुडकूने बोलता बोलता भावाच्या ताटातला मांडा उचलायला हात पुढे केला. रेवाबाईची नजर तिथेच होती.

"ऱ्हाऊ द्या तो. तुम्हले दुसरा वाढस."

तिने धुडकूला दुसरा वाढला आणि त्याच हाताने छगनलाही आणखी एक वाढून ती मोकळी झाली.

इकडे आड, तिकडे विहीर. या लोकांत सोयरीक नको असली तर कुणी तोंडाने नाही म्हणत नसे. पाहुण्या व्याह्याने ताटात अन्न टाकलं, की मुलीकडच्यांचं मन नाही हे घरभर कळे. छगन मांड्याचा पापुद्रा नुसता चिवडत राहिला, तसं सुकलालचं हसू मावळत गेलं.

"व्याही, मन नसई तं सांगी द्या. आम्हले राग येवाव नही."

छगनने मान हलवली आणि तो खायला लागला. खाली बघून, धड न चावता, घासामागून घास. धुडकूने त्याला गुडघ्याने ढोसलं, पण तो थांबला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दोन्ही मांडे संपले. सुकलाल खूश झाला आणि त्याने आत गूळ आणायला सांगितला.

गूळ येईपर्यंत छगनच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला होता. सदरा पाठीला चिकटला. तो उठायला गेला आणि खांबाला धरत धरत खालीच बसला, मग आडवा झाला. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडला, कुणी कुणाची नजर लागली ते विचारलं.

"काही नका करा," धुडकू शेवटी ओरडला. "त्यानं पोट कापेल शे. गोड चालत नही त्याले."

 गुळाची परात घेऊन आलेली घरातली पोर ओसरीच्या दारातच थांबली.

"रोग शे?" सुकलालने कोरड्या आवाजात विचारलं.

"फोड व्हता. काढी टाका. आते रोग नही," छगन पडल्या पडल्या म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

रेवाबाई पंखा घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली.

"मंग तुम्ही खातस तरी काय?"

"मन्ही पोर जेवाडस."

आणि मग तो सांगतच सुटला. बायकोच्या, अनुसयाबाईच्या, हातच्या फोडणीवर त्याने सारा संसारभर जीव टाकला होता. त्या फोडणीच्या नुसत्या वासाने आता ओकारी यायची. तो काही न बोलता तिचं ताट परत सारायचा. तिने ते मनाला लावून घेतलं आणि त्याच्यासाठी रांधणंच सोडलं. मग रंजना उभी राहिली. ज्वारीच्या कण्या शिजवून, गार करून, मीठ घालून दिल्या, त्या पोटात ठरल्या. मुगाचं पाणी ठरलं, भोपळा ठरला नाही. एकेक वस्तू ती अशी पारखत गेली, थोडं थोडं पुन्हा पुन्हा भरवत राहिली, तो शेतात असला तर शेतात येऊन.  मुलीचं एवढं कौतुक त्याने तिच्यासमोर कधी केलं नव्हतं.

सुकलालचा चेहरा निवळला. रेवाबाईचा पंखा मात्र थांबला.

"असी सून कोले नको? पन व्याही, तुम्हना तोंडना घास मी कसा काढी लिऊ? ती आठे आम्हना घर उनी तं तुम्हले कोन जेवाडी?"



"सालभर थांबतूत," सुकलाल म्हणाला, "पन मन्हा बाप खाटलावर पडेल शे. त्याले आखाजीना सणना पहिले नातसून दखनी शे. आम्हले दुसरं घर दखनं पडी. राग नका धरा."

म्हणजे रोगाने मोडली नाही ती सोयरीक मुलीच्या गुणाने मोडत होती. छगन उठून बसला.

"ती गया सालनी गोट. आते तिनी मायच रांधस, मी समदं खास. आज गोड जास्ती व्हयनं, इतलंच. भरीत वाढा."

"भरीत?"

"हा. तिखट खादंच नही मी अजून."

धुडकूने तोंड फिरवलं. भरीत हिरव्या मिरचीचं होतं, तेलात निथळणारं, लसणाच्या फोडणीचं. छगनने भाकरी मोडली आणि पहिला घास तोंडात टाकला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. घास वर आला, त्याने तो परत गिळला. दुसरा घेतला. रेवाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"बेस शे," तो म्हणाला आणि त्याने आणखी मागितलं.

तिने चमच्याच्या टोकावर राहील एवढंच वाढलं. मग उठून गुळाची परात स्वतः घेऊन आली. मोठा खडा नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि छगनच्या हातावर तिळाएवढा कण.

"रीतपुरता," ती म्हणाली.

गाव मागे पडल्यावर बाभळीच्या आडोशाला छगनने सगळं ओकून टाकलं. धुडकूने चूळ भरायला पाणी दिलं.

"पोर गई म्हंजे काय खाशी रे तू?"

"खासू काही तरी."

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. रंजना कण्यांची वाटी घेऊन दारातच उभी होती. धुडकूने तिच्या हातावर गूळ ठेवला. ती लाजली, पण लगेच तिची नजर बापाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे गेली.

"बापू, तुम्ही काय खादं तठे?"

छगनने वाटी घेतली नाही. तो तिच्या बाजूने थेट चुलीपाशी गेला आणि भिंतीला टेकून बसला. अनुसयाबाई पाठमोरी डाळ पाखडत होती.

"रंजीनी माय, आजपाईन मन्हासाठे तू रांध."

सूप थांबलं. ती वळली नाही.

"मन्हा हातनं तुम्हले जास नही ना."

"तुन्हा हातनं नही. फोडनीना वास सहन व्हत नही. माले ते सांगता नही उनं."

 अनुसयाबाईने सूप बाजूला ठेवलं.

"रंजी," तिने हाक मारली, "आठे ये. त्या कण्या कश्या करस, ते माले दखाड."

रंजना उंबऱ्यातच उभी होती. तिने मनगटाने डोळे पुसले, ती आत आली आणि पाणी किती घालायचं तिथपासून आईला सांगायला लागली.