गरम इस्त्रीचे कपडे

माझ्या धाकट्या जावेच्या पोटात कळ आली आणि घरानं आकाशपाताळ एक केलं. खिडकीजवळची खाट तिला मिळाली. सासूबाई स्वतः उठून पेज करू लागल्या. माझ्या नवऱ्याला माझा वाढदिवस आठवत नाही, पण भावजयीच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ! जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

कारण पोट माझंही दुखत होतं, तिच्या आधीपासून. जेवलं की उजवीकडे पीळ पडायचा. वजन इतकं उतरलं की शिवणाच्या मशीनवर बसून स्वतःचेच कपडे दोनदा आत घेतले. एकदा सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "गॅस असेल, ओवा खा." झालं, त्या दिवसापासून तोंड शिवलं. आता बोलले असते तर म्हणाले असते, धाकटीचं बघून थोरलीलाही खूळ लागलं.

दोघींचे नवरे आमच्या शिलाईच्या दुकानात अडकले होते, म्हणून तिला दवाखान्यात न्यायचं माझ्याच गळ्यात पडलं. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन पडद्यावर लावला. आतड्याची भिंत एका जागी जाड दिसत होती.

"जंतुसंसर्ग असेल, जुनी सूज असेल, आतड्याचा क्षय असेल, क्वचित गाठही असते. दुर्बिणीतून बघून तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "यातलं काही एकाच घरात दोघांनाही होतं. आणखी कुणाला त्रास आहे?"

"छे, कुणाला नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलतायत या," जाऊ म्हणाली. "दुकानात इस्त्री केलेला प्रत्येक कपडा घडी घालायच्या आधी पोटाशी धरून बसतात. गरम असतो ना, म्हणून. मी समोरच काजं करते, रोज बघते. आधी यांना तपासा."

माझ्या नवऱ्याला, सासूला, कुणाला म्हणून दिसलं नव्हतं, आणि दिसलं कुणाला, तर हिला!

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्याशी बोलत होतात का, ताई?"

डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर झोपवलं आणि उजवीकडे दाबलं. "आई गं!" मी ओरडले. जावेनं माझा हात घट्ट धरला. मेली! आता हिच्यावर जळायचं तरी कसं?