आतली मावशी

बाबांनी समोरच्या कारखान्याचं नवंकोरं दप्तर टेबलावर आडवं टाकलं, पट्ट्याजवळच्या अस्तराच्या फटीतून दोन बोटं आत घातली आणि डॉक्टर नाडी बघतात तसं डोळे मिटून चाचपलं. मग डोळे उघडून एवढंच म्हणाले, "आत मावशी आहे."

बाहेरच्या कुणी हे ऐकलं असतं तर बाबांच्याच नाडीची काळजी केली असती. पण त्या कारखान्यात मावशी म्हणजे काय ते झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दप्तराचा पट्टा जिथे पाठीला जोडतात, तिथे अस्तराच्या आड जाड कापडाचा एक तुकडा शिवलेला असतो. एका बाजूला रुंद, एका बाजूला निमुळता. तो कुणाला दिसत नाही, पण पुस्तकांचं सगळं ओझं त्याच्यावर येतं. इतरांची दप्तरं वर्षाच्या आत पट्ट्यापाशी उसवायची, यांची उसवायची नाहीत. हा तुकडा शोधून काढला होता बाबांच्या मेहुणीने, म्हणून त्याचं नाव मावशी. "मावशी लावली का रे?" असं कारागीर एकमेकांना विचारत आणि मागच्या खोलीतून खरी मावशी ओरडे, "मी इथेच आहे." हा विनोद रोज व्हायचा आणि रोज कुणीतरी हसायचंच.

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"फाडून बघू," म्हणत बाबांनी ब्लेड उचललं.

"हात लावू नका, बाबा," मुलगी म्हणाली. "तो पुरावा आहे."

या मुलीला कारखान्यात 'कलम' म्हणत. ती व्यवस्थापन शिकत होती आणि सरत्या सत्रात तिला बौद्धिक संपदा आणि नोकरीचे कायदे असा एक विषय होता. विषय होता पन्नास पानांचा, पण तिच्या अंगात पाचशे पानांचा संचारला. लाँड्रीच्या पावतीमागचा बारीक मजकूरही ती करार म्हणून वाचू लागली. कॉलेजांच्या स्पर्धेत तिने 'धंद्यातलं गुपित कसं जपावं' यावर भाषण करून पहिलं बक्षीस मिळवलं होतं, आणि बाबांनी ती ढाल गिऱ्हाइकांना दिसेल अशी नमुन्यांच्या काचेच्या कपाटात, अगदी मधोमध ठेवली होती.

कलमने दप्तर पारदर्शक पिशवीत घातलं, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि वर तारीख टाकली. मग बाबांना समजावून सांगितलं. पेटंट घ्यायचं तर वस्तू कशी केली ते जगाला सांगावं लागतं, म्हणून आपण ते घेतलं नाही, गुपित म्हणूनच ठेवलं. गुपितावर हक्क राहतो, पण ते गुपित आहे तोवरच. कुणी चोरून नेलं तर चोराला कोर्टात खेचता येतं. "म्हणजे चोर सापडला पाहिजे," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला थोडा आनंदच झाला होता.

चोर शोधायला लांब जायचं कारणच नव्हतं. कटिंग मास्तर काही महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून समोर गेले होते. कलमला हे नाव देणारेही तेच.

दुपारच्या सुट्टीत तिने त्यांना रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गाठलं. आधी तब्येतीची चौकशी केली, मग घरच्यांची. मास्तर बिस्किट बुडवत ऐकत राहिले.

"ये की मुद्द्यावर, कलम," ते म्हणाले. "तुमची मावशी आमच्या दप्तरात कशी आली, हेच ना?"

"तुम्ही आमच्याकडे शिकलात, मास्तर."

"कापड कापायला शिकलो. हाताला लागलेलं वळण काय गेटवर काढून ठेवू? तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय त्याबद्दल?"

पुस्तकात लिहिलं होतं की अंगचं कसब माणसाबरोबर जातं, मालकाला ते अडवता येत नाही. कलमने ते सांगितलं नाही.

"आणि मावशी कशी बसवतात ते मी कधी पाहिलंच नाही," मास्तर म्हणाले. "मी तुकडे कापून द्यायचो. बसवायची ती, मागच्या खोलीत, पडदा लावून. तुम्हीच लावायला लावला होता ना पडदा?" त्यांनी कप खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. "पण एक चमत्कारिक वाटलं. मी इथे आलो त्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, मास्तर, मावशी कापा. मला वाटलं थट्टा करतोय. पण मी यायच्या आधीपासूनच ते तिला मावशी म्हणतात."

कलमच्या मनात पाल चुकचुकली. कापडाचा तुकडा चोरून उसवून कुणीही पाहील. पण नाव उसवून निघत नाही. ते आतल्या माणसाच्याच तोंडून बाहेर पडलेलं असणार.

"आणि हे मी बोललो म्हणू नकोस," मास्तर उठता उठता म्हणाले. "तुझी मावशी मागच्या आठवड्यात आमच्याकडे आली होती. साहेबांच्या खोलीत बराच वेळ होती. दार लावून."

झालं. संशयाला एवढं पुरतं. त्या दिवसापासून कलमला मावशीचं काहीच सरळ दिसेना. मावशी पडदा नीट ओढून घेई, ते आधी कौतुकाचं वाटायचं. आता ती पडद्याआड काय करते, असं वाटू लागलं. ती फोनवर हळू बोलली की कलमचे कान टवकारत, मोठ्याने बोलली की हे मुद्दाम आपल्याला ऐकवायला, असं वाटे. मावशी नवी चप्पल घालून आली तेव्हा तर कलमने सुतावरून स्वर्ग गाठला. एकदा तिने सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "मावशी, समोरच्यांचं दप्तर पाहिलंस?" मावशीच्या हातातली सुई थांबली. "पाहिलं," ती म्हणाली आणि दोरा तोडायच्या निमित्ताने मान खाली घातली. ज्या मावशीने लहानपणी हिला मांडीवर बसवून मशीनचं पायडल मारायला दिलं होतं, तिच्याच हालचालींची ही आता मनातल्या मनात नोंद ठेवत होती. याचं तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटणं हा काही बचाव होत नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

शेवटी तिने बाबांना सांगितलं. बाबांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "तुझ्या आईला आत्ताच सांगू नकोस. सख्खी बहीण आहे तिची." आणि थोड्या वेळाने, "कागद तयार कर."

कलमने कागद तयार केला. झकास केला. 'नोकरीत असताना केलेल्या सर्व रचना, नमुने व पद्धती यांवर कारखान्याची मालकी राहील. त्या बाहेर उघड करणार नाही. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कारखान्यात काम करणार नाही.' परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी मिळाले असते.

मावशीने चष्मा लावून कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. बाबा टेबलाच्या त्या बाजूला, कलम खिडकीपाशी.

"नोकरीत असताना म्हणजे कधी?" मावशीने विचारलं.

"म्हणजे आत्ता. आतापर्यंत," बाबा म्हणाले.

"मी नोकरीत कधी होते, भावोजी? नेमणुकीचा कागद नाही, हजेरीत नाव नाही. महिन्याला तुम्ही खर्चापुरतं हातावर ठेवता. विचारलं की म्हणता, तू तर घरचीच."

"घरचीच आहेस म्हणूनच विचारतोय. समोर गेली होतीस?"

"गेले होते."

"कशाला?"

मावशीने खिडकीकडे पाहिलं. कलमकडे पाहिलं म्हणायला हवं, पण कलमला तेव्हा ते खिडकीकडे पाहणं वाटलं. "ते नका विचारू," ती म्हणाली.

बाबांचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "मग सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मावशीने गळ्यातली मापाची टेप काढली, गुंडाळून कागदावर ठेवली आणि मागच्या खोलीत आवराआवर करायला गेली. पडदा तिने लावला नाही.

मावशीचा तो प्रश्न मात्र कलमच्या डोक्यातून जाईना, कारण त्याचं उत्तर तिला येत होतं. नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं. पण जो नोकर नाही आणि ज्याने काही लिहून दिलेलं नाही, त्याने केलेलं त्याचंच. याच्याखाली तिने पुस्तकात पिवळी रेघही मारली होती. म्हणजे कारखाना ज्याच्या चोरीचा बोभाटा करत होता, ते कारखान्याचं नव्हतंच. आता निदान मावशीनेच ते फोडलं हे पक्कं सिद्ध झालं तरच आपली बाजू टिकेल, असं कलमने ठरवलं, आणि पिशवीची चिकटपट्टी फाडली. वकिलाला पाठवायला फोटो हवे होते.

तिने ब्लेडने अस्तर उसवलं. आतला तुकडा समोर आला. रुंद बाजू वर, निमुळतं टोक खाली.

उलटा.

आधी तिला बरंच वाटलं. ज्या बाईने हजारो दप्तरांत टोक वर ठेवून मावशी बसवली, ती ते खाली कशाला ठेवील? मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. मग टोक खाली असलेली मावशी जगात कुणी, कुठे पाहिली होती?

तिने ब्लेड खाली ठेवलं. कारण तिला स्पर्धेतला तो फळा आठवला. भाषण संपलं होतं, टाळ्या वाजल्या होत्या, आणि सोनेरी चष्म्याचे पाहुणे परीक्षक, कुठल्याशा कंपनीचे सल्लागार म्हणून ओळख करून दिलेले, पुढे झुकून म्हणाले होते, "उदाहरण फार छान घेतलंस. पण तो तुकडा नेमका बसतो कसा?" आणि ही, पहिल्या बक्षिसाच्या वासावर, खडू घेऊन उठली होती. सभागृहाकडे तोंड करून घाईघाईत चित्र काढलं होतं, टोक खाली. वर म्हणालीही होती, "आम्ही हिला प्रेमाने मावशी म्हणतो." सगळं सभागृह हसलं होतं. ते गृहस्थ लिहून घेत होते.

गुपित कसं जपावं यावरच्या भाषणात तिने गुपित फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्याबद्दल ढाल मिळाली होती. ती ढाल आत्ताही काचेआड चमकत होती.

आणि आणखी एक आठवलं, ते जास्त लागलं. आदल्या दिवशी तिने मावशीसमोर भाषणाची तालीम केली होती, हेच चित्र कागदावर काढून. मावशी म्हणाली होती, "टोक वर गं. आणि हे दाखवणार आहेस का तिथे?" कलम म्हणाली होती, "तुला नाही कळत. नुसतं उदाहरण आहे. तेवढं कोण बघतंय."

ती मागच्या खोलीत गेली तेव्हा मावशी कात्र्या फडक्यात बांधत होती.

"तुला माहीत होतं," कलम म्हणाली.

"बाजारात दप्तर दिसलं, घेऊन उसवलं. उलटी मावशी बघितल्यावर कुणाचा हात ते कळलंच." मावशीने गाठ मारली. "म्हटलं, जाऊन सांगावं त्यांना, पोरीच्या चुकीचा असा फायदा घेऊ नका. तर तुला बक्षीस देणारा, फोटोतला तोच, तिथे खुर्चीत बसलेला. म्हणाला, आम्ही काही चोरलं नाही, भर सभेत ऐकलं. वर मलाच नोकरी देऊ केली."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"गिऱ्हाईक आलं की आधी ढाल दाखवतात ते. मग दप्तर."

कलमला रडू आलं. डोळे पुसायला ती थांबली नाही. तशीच बाबांच्या टेबलाशी गेली, उसवलेलं दप्तर त्यांच्यापुढे ठेवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. फळा, खडू, नाव, हशा. सांगताना एकदाही पुस्तकातला शब्द वापरला नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मग उठून कपाट उघडलं, ढाल काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून उभे राहिले.

मावशी गाठोडं घेऊन दारात आली होती. बाबांनी टेबलावरचा तो कागद उचलला आणि फाडायला घेतला.

"फाडू नका," मावशी म्हणाली. "पाठकोरा आहे. मागे लिहू दे तिला. माझी नेमणूक."

"तुला नेमणुकीची काय गरज? तू तर..." बाबा म्हणाले आणि मध्येच थांबले.

"समोरचे देतायत, भावोजी. दारावर नावाच्या पाटीसकट." तिने टेप उचलून पुन्हा गळ्यात घातली. "तारीख आजची घाल, कलम. आजपासून जे काढीन ते कारखान्याचं. त्याआधी जे काढलं ते माझं, हेही लिही."

कलमने बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीत बसले, ढाल मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "लिही."

तिने कागद उलटा केला. वर मावशीचं पूर्ण नाव लिहिलं. ते लिहिताना तिच्या लक्षात आलं की हे नाव या कारखान्यात आजवर कुठेच लिहिलेलं नाही, आणि तिला फार लाज वाटली. मग पुढची ओळ आली.

"पद काय लिहू, मावशी?"

मावशीने चष्मा पुसला.

"मावशी सोडून काहीही लिही," ती म्हणाली.